चकतीला जरा ऊन दावा

बसा, चहा घ्या, आणि आधी माझी एक कबुली ऐका. मला दुसऱ्यांच्या चुका दिसतात. दिसतात काय, सापडल्या की बरं वाटतं! लग्नपत्रिका हातात आली की लोक मुहूर्त बघतात, मी 'आशीर्वाद'मधली वेलांटी बघते. एका नातेवाइकाच्या गृहप्रवेशाला वास्तुशांतीचा 'स्तु' चुकलाय म्हणून मी पाटी उतरवून घेतली होती. त्या घरून पुन्हा बोलावणं आलं नाही, ते सोडा.

तर अशा या बाईने चुका केल्या. फार नाही, तीनच. पण तिन्ही एकाच माणसाच्या बाबतीत! आता त्या हसत सांगते, कारण रडून झालंय.

गोष्ट तेव्हाची, जेव्हा पुण्यात गल्लीगल्लीत संगणकाचे क्लास निघत होते आणि जिथे मोकळं शेत दिसेल तिथे इमारत उभी राहत होती. माझ्या बरोबरीची सगळी पोरं प्रोग्रॅमिंग शिकून परदेशी चालली होती. आणि मी? मी पीएचडी करत होते. विषय, 'पृष्ठभागावरील रेणूंच्या चुंबकीय गुणधर्मांचे रासायनिक नियंत्रण'. हसू नका. माझ्या मावशीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "बरं, आणि मग पुढे काय करणार?"

विषय तसा सोपा आहे हो. एक रेणू घ्या. भाकरीसारखा चपटा, आणि बरोबर मधोमध लोखंडाचा एकच अणू. रुपयाएवढी एक चकती घ्यायची, तिला चुंबकीय धातूचा मुलामा द्यायचा आणि त्यावर हे रेणू एका थरात पसरायचे. खालच्या चुंबकाच्या संगतीने वरचे लोखंडाचे अणूही चुंबक होतात. आता प्रश्न असा, की त्या अणूला एखादं रसायन चिकटवून त्याचं चुंबकत्व बंद करता येईल का? आणि ते रसायन काढून परत चालू करता येईल का? दिव्याच्या बटणासारखं. आमचे सर म्हणायचे, हे ज्याला जमेल त्याचं नाव राहील.

चकत्या आमच्या प्रयोगशाळेत सकाळी तयार व्हायच्या. पण नुसतं या लोखंडाच्या अणूंचं चुंबकत्व मोजायचं यंत्र दुसऱ्या संस्थेत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे आम्हाला वेळ मिळायची दुपारी दोनची. मग मी चकती एका फिरकीच्या झाकणाच्या डबीत घालायची, डबी पर्समध्ये, आणि मोपेडवरून निघायची. वाटेत कर्वेनगरला घर. वर आम्ही राहायचो, खाली बाबांचं दुकान. आर्किटेक्ट आणि बिल्डर लोकांच्या नकाशांच्या प्रती काढून देण्याचं. ते निळ्या रेघांचे नकाशे आठवतात ना? इमारतींची नुसती लाट आली होती, त्यामुळे बाबांचं मशीन दिवसभर चालू. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून आत यायचं. आमची नाकं केव्हाच मेली होती.

मी डबी खाली बाबांच्या टेबलावर ठेवायची, वर जाऊन जेवायची, आणि डबी उचलून पुढे जायची. बाबांकडे ठेवायची, का? तर सुरक्षित राहावी म्हणून!

त्या दुसऱ्या संस्थेत यंत्र चालवायला होते मोरेकाका. ठेंगणे, खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं. मूळचे खडकवासल्याकडच्या एका खेड्यातले, राहायला बिबवेवाडीत. तीस वर्षं त्या यंत्रावर होते. सकाळी आल्यावर यंत्राला नमस्कार करायचे आणि मगच बटण दाबायचे. प्रत्येक मोजणीची नोंद ते रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने करायचे. शेवटचे दोन रकाने, 'नोंद करणाऱ्याची सही' आणि 'तपासणाऱ्याची सही'. पहिल्या रकान्यात काका दर वेळी पूर्ण नाव लिहायचे. कैलास दत्तात्रय मोरे. रकाना पुरायचा नाही, 'मोरे' बाहेर लोंबायचं.

मला ते लोंबणारं 'मोरे' बघवेना.

"काका, एवढं कशाला लिहिता? आद्याक्षरं टाका की. शास्त्रात सगळे आद्याक्षरंच लिहितात."

"आपली आद्याक्षरं बरी न्हाईत मॅडम," काका म्हणाले. "पूर्णच बरं."

का बरी नाहीत, हे मी विचारलं का? नाही. मला घाई होती. मला कायमच घाई होती.

एकदा यंत्र तापायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा काकांनी लाजत लाजत विचारलं, "मॅडम, तुमचा पेपर छापून येईल ना, त्याच्या शेवटाला आभार असत्यात न्हवं?"

"असतात की."

"त्यात माझं नाव येईल का? न्हाई, तीस वर्षांत लई लोकांनी हितं मोजलं. यंत्राचं नाव येतं. संस्थेचं नाव येतं. माझं आजून एकदाबी न्हाई आलं. रिटायर व्हायच्या आत एकदा आलं म्हंजे घरी दावता येईल."

"अहो, येईल ना! त्यात काय!"

"पूर्ण?"

"पूर्ण, काका. वचन."

त्या दिवशी काकांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा मला आधी दिला.

आणि मग सुरू झाला माझा भोग. चकती आणावी, यंत्रात घालावी, आणि चुंबकत्व शून्य! सोमवारी शून्य. मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य. गुरुवारी मात्र भरपूर, नाचावं इतकं! शुक्रवारी परत शून्य. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. सर म्हणाले, "रेणूंना वार कळतात का हो बाई?" पुण्यातले सर. रागवत नाहीत, पण त्यापेक्षा रागावलेले परवडतात.

मी ठरवलं, चूक शोधायची. ती तर आपली खासियत! आणि आठवडाभर डोळ्यांत तेल घालून पाहिल्यावर मला सापडली. मोरेकाकांचा गुरुवारचा उपास असायचा!

बाकीच्या दिवशी काका दीड वाजता डबा खायचे. भाकरी, ठेचा, लसणाची चटणी, तेलाची धार. दोन वाजता तेच हात माझ्या चकतीला. गुरुवारी फक्त दोन केळी. हात स्वच्छ, चकती चांगली! झालं की सिद्ध! मी आलेखाचा कागद घेतला आणि चक्क आलेख काढला. एका अक्षावर काकांचा डबा, दुसऱ्यावर चुंबकत्व. असा सुंदर आलेख मी पुन्हा आयुष्यात काढला नाही.

काकांना मी तीनदा साबणाने हात धुवायला लावले. शून्य. दोन-दोन हातमोजे घालायला लावले. शून्य. लसूण बंद करायला लावला. शून्य. बिचारे सगळं करत गेले. शेवटी स्वतःच म्हणाले, "मॅडम, आठवडाभर उपास धरून बघू का?"

चांगल्या घरातली मुलगी म्हणाली असती, "छे छे, काका, काहीतरीच काय!" मी म्हणाले, "प्रयोगापुरता धरून बघा."

आणि त्यांनी धरला हो! सोमवार ते शनिवार. पन्नाशी उलटलेला माणूस, माझ्या पेपरासाठी केळी खाऊन राहिला. बुधवारी यंत्राला धरून जरा वेळ उभे होते, चक्कर आली म्हणून. चुंबकत्व? गुरुवार सोडून शून्यच. मी मनात काय म्हटलं असेल? म्हटलं, चोरून खात असणार.

मग एक दिवस काका चकती उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, हिला वल लागल्यागत वाटतंय. काहीतरी बसलंय हिच्यावर. चकतीला जरा ऊन दावा."

"काका! पापड आहेत का ते?"

"पापड असू द्या, गादी असू द्या, माणूस असू द्या. ऊन दावल्याबिगर सुधारत न्हाई."

मी हसले. आमच्या प्रयोगशाळेत जाऊन सगळ्यांना हे सांगितलं, तेही हसले. महिनाभर आमच्याकडे कुणाचं काही बिघडलं की 'ऊन दावा' चालायचं.

त्याच्या पुढचा मंगळवार. मला सरांचा फोन आला म्हणून मी ऑफिसात गेले. परत आले तर काका दारातच उभे. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं नातू झाला.

"मॅडम, जागी झाली!"

"कोण?"

"चकती! आपली चकती! आधी मोजली, शून्य. मग यंत्राच्या पोटात तो गरम करायचा दिवा हाय ना, त्याचं ऊन दावलं धा मिंटं. परत मोजली. या, बघा!"

कागदावर आलेख होता. चुंबकत्व भरपूर. मंगळवारी!

आता तुम्ही सांगा, अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? त्या माणसाचे हात धरावेत. दिवा परत लावून बघावा. मी काय केलं? मी चूक शोधली. मंगळवारी चुंबकत्व येऊच शकत नाही, हे तर माझ्या आलेखात सिद्ध झालेलं! मग हे आलं कुठून? शेजारच्या खणात मागच्या गुरुवारची चांगली चकती पडलेली होती. सापडलं!

"काका, तुम्ही गुरुवारची चकती घातलीत आत."

"न्हाई मॅडम. मी कशापायी घालीन?"

"नाव छापून यावं म्हणून!"

हे मी बोलले. या तोंडाने. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू जायलाही वेळ लागला, कारण त्यांना आधी कळलंच नाही मी काय म्हणाले ते. मग कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

रजिस्टरमध्ये त्यांनी आधीच नोंद केली होती. 'नमुन्यास ऊन दाखविले. जागा झाला. कैलास दत्तात्रय मोरे.' मी लाल पेनाने त्यावर आडवी रेघ मारली, शेजारी 'खोटी नोंद' लिहिलं, आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात सही ठोकली. आद्याक्षरांत. मग त्यांच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, 'नमुन्यांत फेरफार झाल्याचा संशय' वगैरे. त्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

काकांना यंत्रावरून काढून भांडारात बसवलं. तिथे नळ्या आणि चंचुपात्रं द्यायची आणि परत घ्यायची. रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं. जिन्यात एकदा समोरासमोर आलो. मी मान वळवली. काकाच म्हणाले, "मॅडम, पेपरात ते नाव आता ऱ्हाऊ द्या. माणसं म्हणतील मागून घेतलं."

त्यांच्या जागी नवा मुलगा आला. जैन होता, लसूण बापजन्मात खाल्लेला नाही. चुंबकत्व? सोमवारी शून्य, मंगळवारी शून्य, गुरुवारी भरपूर! तेव्हा तरी डोकं चालायला हवं होतं की नाही? नाही चाललं. मी वैतागले, पीएचडीला रामराम ठोकला, तीन महिन्यांचा क्लास लावला आणि सॉफ्टवेअर कंपनीत चिकटले. काम काय मिळालं, ओळखा! टेस्टिंग. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्याचा वर पगार! देव देतो तर असा देतो.

दहा-बारा वर्षं गेली. मी हिंजवडीला, खुर्चीला चाकं, गळ्यात ओळखपत्र. एक दिवस जुन्या मैत्रिणीची ईमेल आली. 'अगं, हे तुझ्याच विषयावर आहे ना? परदेशातल्या लोकांनी करून दाखवलं बघ.' मी लेख उघडला.

चपटा रेणू. मधोमध धातूचा अणू. खाली चुंबकीय पृष्ठभाग. त्यावर त्यांनी अमोनिया वायू सोडला. अमोनियाचा एकेक रेणू जाऊन त्या धातूच्या अणूच्या डोक्यावर बसला, आणि चुंबकत्व बंद! पुढचं वाक्य मी तीनदा वाचलं. नमुना थोडा गरम केला की अमोनिया उठून जातो आणि चुंबकत्व परत येतं.

ऊन! अहो, ऊन दावलं की!

मी तशीच उठले. साहेबांना सांगितलं पोटात दुखतंय. सगळ्या वाटेवर एकच विचार, माझ्या चकतीवर अमोनिया आला कुठून? लसणात तर अमोनिया नसतो!

घरी बाबा पेपर वाचत होते. दुकान केव्हाच बंद झालेलं. संगणकावरून नकाशे छापणारी मोठी मशीनं आली आणि बाबांचं मशीन भंगारात गेलं.

"बाबा, आपल्या मशीनमध्ये काय घालायचात हो तुम्ही?"

"काय म्हणजे? अमोनिया. दुकानाच्या पाटीवर एवढं मोठं लिहिलं होतं की, 'अमोनिया प्रिंट'. तूच नाही का भांडून पेंटरकडून त्यातली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करून घेतलीस?"

घेतली होती. 'प्रींट'चं 'प्रिंट' मीच करून घेतलं होतं. वेलांटी दिसली, बाजूचा शब्द नाही दिसला.

"आणि बाबा, माझी डबी? टेबलावर ठेवायचे ती?"

"तिचं काय? रोज उघडून दाखवायचो गिऱ्हाइकांना. मशीनपाशी चांगला दिवा होता ना, तिथे धरून. म्हणायचो, माझी मुलगी चुंबक बनवते. लोक काय कौतुक करायचे गं तुझं!"

"रोज?"

"गुरुवार सोडून. गुरुवारी दुकान बंद नसायचं का?"

बाबांवर रागावणार कशी? त्यांनी कौतुकाने डबी उघडली होती. मी खोलीत जाऊन दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून रडले. चाळीस चकत्या 'खराब' म्हणून फेकल्या होत्या मी. प्रत्येक चकतीवर तोच शोध बसलेला. एका माणसाने तो बघितला, वहीत लिहिला, आणि मी त्यावर लाल रेघ मारली.

खरं तर त्याच दिवशी बिबवेवाडीला जायला हवं होतं. पाय नाही उचलले. जिना चढून माफी मागण्यापेक्षा लेख लिहिणं सोपं असतं हो. एका दिवाळी अंकाचे संपादक ओळखीचे होते. त्यांच्यासाठी मी सगळं लिहिलं. रेणू, अमोनिया, माझा मूर्खपणा, उपासाचा आलेख, काही लपवलं नाही. शेवटी ठसठशीत लिहिलं की हे सर्वप्रथम ज्यांनी पाहिलं त्यांचे मी उशिरा का होईना ऋण मानते. आणि त्यांचं नाव. शास्त्राचा लेख म्हटल्यावर, शास्त्राच्या शिस्तीत. आद्याक्षरं आणि आडनाव.

मुद्रितं चार वेळा तपासली. वेलांटीच्या अकरा चुका काढल्या.

लक्ष्मीपूजन झालं, आणि अंक आणि पेढे घेऊन मी बिबवेवाडीला गेले. दारात चपलांचा ढीग. म्हटलं, दिवाळीचे पाहुणे. आत गेले तर सगळे खाली माना घालून गप्प बसलेले. एका कोपऱ्यात गावाकडचे कुणी चुलत भाऊ, हातात झेंडूचा भला मोठा हार, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नसलेला चेहरा. आणि सगळ्यांच्या मधोमध खुर्चीवर मोरेकाका! केस पिकलेले, पण ठणठणीत.

त्यांनी मला लगेच ओळखलं. "या मॅडम. बसा. आमच्या भेटीला आलेत सगळे."

काकू स्वयंपाकघरातून पदर खोचत बाहेर आल्या. "ह्याच का त्या? ह्यांनीच आठवडाभर उपाशी ठिवलं, आन् ह्यांनीच मारलं!"

मला काही कळेना. काकांनी शेजारचा अंक उघडला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. छापलं होतं, 'कै. द. मोरे यांचे ऋण'.

कै. द. मोरे.

कैलासवासी मोरे!

"जुन्या हापिसातल्या एकानं वाचलं," काका म्हणाले. "त्यानं दुसऱ्याला मोबाइल केला. सकाळपासनं माणसं येत्यात. दार मीच उघडतोय. दोघी जणी तर मला बघून वरडल्या. मॅडम, म्हटलं न्हवतं, आपली आद्याक्षरं बरी न्हाईत?"

मी तिथेच जमिनीवर बसले आणि इतक्या माणसांसमोर रडले. 'कै.'ची माफी मागितली. मग उपासाची. मग लाल रेघेची. मग त्या वाक्याची, ते वाक्य परत उच्चारून.

काकांनी हळूच विचारलं, "ती मंगळवारची चकती. खरंच जागी झाली हुती न्हवं?"

"खरंच झाली होती, काका. त्या परदेशातल्या लोकांच्या कितीतरी आधी."

"ऐकलं का रं?" काका चुलत भावाकडे वळून म्हणाले. "मी बदलली न्हवती." भावाने उगाच हार वर-खाली केला. मग काका माझ्याकडे बघून म्हणाले, "उठा मॅडम. रडू नका. मला जरा ऊन दावा, मीबी उठून बसतो."

एवढं हसले लोक! काकूसुद्धा हसल्या. चुलत भावाने तो हार शेवटी काकांच्याच गळ्यात घातला, आणि चहा झाला.

मी संपादकांना फोन केला. म्हटलं, चूक दुरुस्त करा. ते म्हणाले, "करू की. पुढच्या दिवाळीला." बरोबरच आहे. वर्षातून एकदा निघणारा अंक! काका म्हणाले, "असू द्या. तवर मेलेला ऱ्हातो. बिलंबी भरायला नकोत."

त्या वर्षभर मी दर गुरुवारी काकांकडे जायची. काकू साबुदाण्याची खिचडी करायच्या आणि मला मुद्दाम वर ठेचा वाढायच्या. काका जुन्या यंत्राच्या गोष्टी सांगायचे. गणपती झाल्यावर दुरुस्तीचं मुद्रित आलं, ते मी त्यांनाच दाखवायला नेलं. 'गेल्या अंकात आमच्याकडून झालेल्या गंभीर चुकीबद्दल दिलगीर आहोत. श्री. कैलास दत्तात्रय मोरे हे हयात असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. तप्त केलेल्या नमुन्याचे चुंबकत्व परत येते हे त्यांनी स्वतः पाहिले होते.'

काकांनी तीनदा वाचलं. खाली समासात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'तपासले', आणि पूर्ण नावाने सही केली. 'मोरे' कागदाबाहेर जायला आलं होतं. मग म्हणाले, "मॅडम, आता मात्र पंचाईत केलीत. मरायचीबी चोरी झाली की."

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, अंक छापून गठ्ठे बांधून झालेत हो. काही करता येणार नाही."

म्हणजे बघा. माणूस होता, तेव्हा मी 'कैलासवासी' छापलं. आणि गेला, तेव्हा 'हयात'.

अंक घेऊन गेले मी. काकू चटईवर बसल्या होत्या. त्यांना वाचता येतं, पण चष्मा सापडेना, म्हणून म्हणाल्या, "वाचा तुम्हीच." मी वाचलं. 'हयात असून' पर्यंत आले आणि थांबले. म्हटलं, "काकू, चुकलंच. पुढच्या वर्षी परत दुरुस्ती देते."

काकूंनी अंक माझ्या हातातून घेऊन डोळ्यांपासून लांब धरला. त्या ओळीवरून बोट फिरवलं. 'मोरे'पाशी थांबल्या.

"पूर्ण नाव हाय न्हवं?"

"आहे."

"मग ह्यात काय चूक हाय? सांगा बघू."

आयुष्यभर चुका शोधलेली मी. ती ओळ परत एकदा वाचली.

"काही नाही, काकू," मी म्हटलं.